राहीबाईच्या रक्तातली निशाणी

मोठ्या दवाखान्याच्या साहेबांनो, गुन्हेगार तुम्हीच! सत्त्याण्णव साली जैनथ गावातल्या एका घरातून तीन नळ्या रक्त नेलंत आणि बदल्यात धाडलात वीतभर इंग्रजी कागद!

त्या घरातल्या धाकट्या खुशालच्या मोठ्या आतड्यात व्रण होते. शौचावाटे रक्त जायचं, गोळ्यांनी ते थांबलं होतं. अशा रोग्यांच्या रक्तात एक निशाणी सापडते. ती सख्ख्यांतही असते का, हे तुम्हाला पाहायचं होतं. म्हणून माय राहीबाई आणि थोरला भाऊ मोतीराम यांनीही दंड पुढे केले.

मोतीराम तहसिलीतला कारकून. इंग्रजी कागद म्हणजे त्याचा रोजचा नाश्ता! पण हा वाचता वाचता त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

"खुशाल, तुह्या रगतात निशानी नाही."

"मंग कोनात हाये?"

"माह्यात. अन् मायच्यात."

खुशालनं उडीच मारली. "म्हंजे मी सुटलो! घे दादा, या गोळ्या आता तुह्या!"

घर उलटं फिरलं. रोगी चुलीपुढे ठेचा-भाकर हाणतोय आणि दोघं धडधाकट ओसरीवर मऊ भात गिळतायत! आठव्या दिवशी भर दुपारी दोघं अशीच बसलेली, श्वास रोखून, आपापल्या पोटाचा कानोसा घेत. अंगणात पानसुद्धा हलत नव्हतं. आणि कुठेतरी गुरगुरलं.

"माय, तुह्यात वाजलं का?"

"नाही रे बापा. मले वाटलं तुह्यात."

"माह्यात नाही... मंग कोनात?"

पुन्हा गुरगुरलं. आतल्या खोलीत.

खुशाल भिंतीला लागून, गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. धोतर लाल.

"दादा... माही गोळी दे."

शेवटची गोळी मोतीरामनं सकाळीच गिळली होती!

जीपमध्ये घालून त्याला तुमच्याच दारी आणला.

"गोली किसने बंद की?" तुम्ही ओरडलात.

मोतीरामनं कागद पुढे केला. तेव्हा कुठे तुम्ही तोंड उघडलंत: निशाणी नसली तरी रोग असतो, आणि असली म्हणजे रोग झालाच असं नाही!

सलाईन लागली, खुशाल वाचला. मग तुमची नजर राहीबाईवर गेली: निशाणी असून या वयातही धडधाकट! बाजारात हवी ती गाय दिसावी तसे खुललात आणि नवी नळी काढलीत!

तिनं दंडावर पदर गच्च आवळला.

"माह्यात जे बसून राह्यलं, ते उठनार कवा? का उठनारच नाही? आदी ते सांग, मंग टोच!"



नळीकडे काय पाहता, साहेब? बोला!