मस्कतचं कुलूप

आमच्या सोसायटीत लाइट गेली की कुणी वीज कंपनीला फोन करत नाही. आधी हिरामणभाऊंच्या दारावर थापा पडतात. कारण जिन्यातला एक बल्ब बदलायचा असला, तरी हा माणूस मीटरच्या खोलीत जाऊन अख्ख्या इमारतीचा मेन स्विच पाडतो, त्याला लाल कुलूप घालतो आणि किल्ली खिशात टाकून शीळ घालत वर येतो.

कुलपाला एक पाटी लटकते. ‘हात लावू नका. घरी माझी वाट बघतायत.’ तीन भाषांत. खाली वहिनींचा फोटो, कडेवर मुलगी. ती मुलगी परवा बाळंतपणाला माहेरी येऊन गेली, पण पाटीवर अजून तिचं नाक वाहतंय.

“अहो, एवढ्याशा बल्बला कशाला हे?” मी एकदा ओरडलो. मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणजे शिव्या खाण्याचा मान माझा. लिफ्टमध्ये अडकलेल्या जोशीकाकू तो मान मला मोठ्यांदा देत होत्या.

“सर, आमच्या मस्कतला येऊन बघा. सेफ्टी म्हणजे सेफ्टी, बाकी खल्लास!”

भाऊ मूळचे नामपूरचे. कांद्याचं गाव सोडून तरुणपणीच, बायकोला मागे ठेवून, मस्कतला गेले आणि केस पिकल्यावर नाशकात परतले. तिथे म्हणे मोठमोठ्या हॉस्पिटलांची वायरिंग त्यांच्या हाताखाली झाली. इथे मात्र वायरमनचं लायसन नाही, म्हणून कुणी अधिकृत काम देईना. लायसन मिळालं तर नाशकात राहायचं, नाही मिळालं तर पुन्हा विमान. एवढा साधा हिशेब.

अरबी शिक्क्यांची सर्टिफिकेटं घेऊन ते लायसनच्या ऑफिसात गेले. क्लार्कने ती उलटी धरून वाचली.

“हे तिकडचं झालं. इथला अनुभव?”

“साहेब, करंट तिकडं बी तोच आन् इथं बी तोच!”

बरीच हुज्जत घातल्यावर प्रॅक्टिकलला बसू दिलं. साधी मोटार जोडायची होती. हिरामणभाऊंनी सवयीने मेन पाडला, कुलूप घातलं, पाटी लावली. परीक्षकांचा पंखा बंद पडला. ते घामाघूम होऊन किल्ली मागू लागले. भाऊ म्हणाले, ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, आन् तेही काम संपल्यावर. शब्दाला शब्द वाढला, भाऊंना बाहेर काढलं, आणि ते तणतणत घरी आले. किल्ली खिशातच!

दुपारी ऑफिसचा शिपाई स्कूटरवर किल्ली न्यायला आला, तर दारातच भाऊंनी विचारलं, “काम पुरं झालं का?” मी हात जोडले तेव्हा कुठे किल्ली सुटली.

निकाल काय लागायचा तो लागला. एखाद्या लायसनवाल्या ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून राहा, मग बघू, असं सांगण्यात आलं. त्याच आठवड्यात मस्कतहून जुन्या कंपनीचा फोन आला. या, फोरमनची जागा रिकामी आहे.

रविवारी दुपारी पाण्याचा पंप बिघडला. मीटरच्या खोलीत भाऊ कुलूप घालत होते.

“मग, कधी निघताय?” मी विचारलं.

“नाय जात. उद्यापासून ठेकेदाराकडं. शिडी धरायची.”

“वेडबीड लागलंय का हो? तिकडे फोरमन, आणि इथे या वयात शिडी?”

त्यांनी पाटीवरची धूळ अंगठ्याने पुसली. “सर, इतकी वर्षं रोज ही पाटी लावली. घरी वाट बघतायत. मी नुसती लावली हो, तिनं खरंच बघितली. आता परत तिला वाट बघायला कुठल्या तोंडानं बसवू?”

 

तेवढ्यात तळमजल्यावरच्या त्यांच्या घरातून वहिनींची अहिराणीत हाक आली, “अहो, जेवाले चाला ना! थंड हुई राहिनं!”

“उनू, उनू!” अशी ‘आलो, आलो’ची अहिराणी आरोळी ठोकत भाऊ पळाले. कुलूप तसंच, किल्ली खिशात.

मिनिटभरात इमारत खाली उतरली. सगळ्यांच्या पुढे जोशीकाकू, हातात पिठाचा चमचा. “सेक्रेटरी, कुठेय तो मस्कतवाला? बोलवा आधी!”

मी मेन स्विचसमोर आडवा उभा राहिलो.

“थांबा जरा काकू,” मी म्हणालो. “घरी वहिनी त्यांची वाट बघत होत्या.”