रिकामा मेहमानखाना आणि शोकाची रीतसर कार्यवाही

माणसं राहण्यासाठी घर बांधतात, हा गैरसमज ताश्कंदकडच्या आमच्या मार्गिलान शहरात फार पूर्वीच निकालात निघाला आहे. घर पाहुण्यांसाठी असतं. घरची माणसं घराच्या मागच्या अंगाला, चूल आणि कोंबड्यांच्या मधल्या जागेत राहतात आणि तिथून घराकडे कौतुकाने बघतात. घरातली सगळ्यांत मोठी, सगळ्यांत उजेडाची खोली म्हणजे मेहमानखाना. तिथे पाऊल टाकायला खुद्द घरमालकालाही कारण लागतं. (मान्य कारणं: पाहुणा, लग्न, मयत, आणि छत गळणे.)

या व्यवस्थेत खोट काढण्यासारखं काही नाही. फक्त मेहमानखाना सजवावा लागतो, आणि सजावटीची फॅशन बदलत राहते.

रेशीम विणणाऱ्यांच्या मोहल्ल्यातल्या हुर्मतने आपल्या संसारात अशा तीन फॅशनी पाहिल्या. पहिली गालिच्यांची. जमिनीवर गालिचा, भिंतीवर गालिचा, आणि आहेरात आणखी आलाच तर गालिच्यावर गालिचा. दुसरी 'युरोपीय' दुरुस्तीची. छताला प्लास्टरची फुलं, फुलांना सोनेरी रंग, आणि मधोमध एवढं मोठं झुंबर की उंच पाहुण्याने वाकूनच आत यावं, म्हणजे नम्रताही आपोआप साधते. (या प्रकाराला युरोपीय का म्हणतात, हे मार्गिलानात येऊन गेलेल्या एकमेव जर्मन कापूसतज्ज्ञाला विचारलं होतं. तो छताकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग त्याने चहा मागितला.) तिसरी, सध्या चालू असलेली फॅशन म्हणजे खोलीत काहीही नसणे.

काहीही नसणं सोपं आहे असं अडाण्यांना वाटतं. ज्याच्याकडे काही नाही त्याला ते फुकट जमतं. पण घरात सगळं असताना काहीही नसणं साधायचं, तर तज्ज्ञच लागतो.

हुर्मतला तज्ज्ञ बोलवावा लागला तो थोरल्या लेकीपायी. झुल्हुमोरला फरगान्याच्या इल्योस नावाच्या दातांच्या डॉक्टरचं स्थळ येऊ घातलं होतं. इल्योसने तिची दाढ काढली होती आणि ती हसत घरी आली होती, तेव्हाच हुर्मतने काय ते ओळखलं. झुल्हुमोरने आईला एकदाच बजावलं होतं, "आई, हे जमलं तर जमलं. नाही जमलं तर मला दुसरी तोंडं दाखवू नका." मुलाची आई, मुकर्रम-ओपा, रविवारी मागणी घालायला येणार होती. तिने स्वतःचं घर गेल्या वसंतात अगदी नव्या पद्धतीने करून घेतलंय, अशी खबर होती. अशा बाईला सोनेरी फुलांखाली बसवायचं म्हणजे स्थळ हातचं गेलंच.

तज्ज्ञाचं नाव दियोरबेक. तो ताश्कंदहून आला, मानेपासून पायांपर्यंत काळे कपडे घालून. बोलणं मोजकं. त्याने खोली पाहिली, डोळे मिटले आणि म्हणाला, "खूप आहे." मग त्याने तीन रंग मंजूर केले: ओली राख, थकलेली वाळू आणि उपाशी उंट. भिंतींना एक खास बारीक सिमेंट लावलं. ते लावल्यावर भिंत अशी दिसते की गवंडी अर्धं काम टाकून रशियाला निघून गेला असावा. साध्या गिलाव्यापेक्षा याला तिप्पट मेहनत पडते, कारण अर्धवटपणा सगळीकडे सारखा उतरावा लागतो.

हुर्मतचे सासरे अब्दुमन्नोब-ओता काठी टेकत बघायला आले.

"पोरा, गिलावा कधी करणार?"

"ओता, हाच गिलावा आहे."

"बरं. मग वरून काय लावणार?"

"काही नाही. खोलीला श्वास घेऊ द्या."

"मग इतकी वर्षं ती काय करत होती?"

दियोरबेकने उत्तर दिलं नाही. (उत्तर न देणं त्याच्या मोबदल्यात धरलेलं होतं.) कोपऱ्यात त्याने मातीचं एक मडकं ठेवलं आणि त्यात कापसाची एक वाळकी पऱ्हाटी उभी केली. एवढीच काय ती सजावट. ओतांनी ती जाळून दोनदा चहाचा समोवार पेटवला, आणि दोन्ही वेळा ताश्कंदहून नवी पऱ्हाटी मागवावी लागली, कारण मार्गिलानच्या शेतातल्या पऱ्हाट्या रंगसंगतीत बसत नव्हत्या.

रविवारी सकाळी शेवटचं सामान बाहेर निघालं. गालिचे, संदूक, झुंबर, आणि छतापर्यंत रचलेल्या रेशमी गाद्या-दुलयांची चळत. अंगण भरलं, तेव्हा उरलेलं दारासमोर रस्त्यावर मांडलं. दियोरबेक दारात हात बांधून, मान खाली घालून उभा राहिला. भिंतीवरचा उपाशी उंट थोडा जेवल्यासारखा वाटत होता, आणि त्याचं त्याला दुःख होतं.

इथे एका स्थानिक पद्धतीची नोंद घ्यावी. आमच्याकडे मेहमानखाना असा साफ रिकामा होतो तो एकाच प्रसंगी: घरात कोणी गेलं तर. सामान बाहेर काढतात, माणसं भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसतात. आणि भेटायला येणारा कधीही विचारत नाही की गेलं कोण. विचारणं म्हणजे या घराशी आपलं फारसं नातं नाही अशी कबुली देणं. तो येतो, तळवे उघडतो, दुआ मागतो, बसतो. मोहल्ल्याचा अनुभव असा की दहा जणांपैकी सात जणांना नाव पुलाव वाढताना कळतं, दोघांना चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला, आणि एकाला कधीच कळत नाही. हा दहावा माणूस सगळ्यांत छान रडतो.

शेजारच्या सोबिर-अकाने रस्त्यावर दुलया पाहिल्या, दारात काळ्या कपड्यांतला तरुण पाहिला, आणि पुढे काही बघायची गरज उरली नाही. घरी जाऊन त्याने डगला चढवला, मयताच्या दारात उभे राहणारे बांधतात तसा कमरेला रुमाल बांधला, येऊन दियोरबेकला कडकडून मिठी मारली आणि त्याच्या शेजारी उभा राहिला. मग सगळा मोहल्ला आला. याच मोहल्ल्यात पाण्याची फुटलेली नळी दुरुस्त व्हायला हिवाळा उलटावा लागतो. पण मयताच्या घरी कढई, लाकडं, तांदूळ आणि आचारी पाऊण तासात पोचले. संस्था कशी चालावी ते यांच्याकडून शिकावं.

हुर्मतचा नवरा तोल्किन बाजारातून खरबुजं घेऊन आला. आपल्याच दारात कंबर बांधलेली माणसं पाहून त्याने ओळखलं की वडील गेले. खरबुजं तिथेच टाकून तो रांगेत उभा राहिला आणि ओक्साबोक्शी रडू लागला. मागे कोंबड्यांना दाणे टाकत असलेल्या ओतांनी लेकाचा हंबरडा ऐकला. लेक एवढा रडतोय त्या अर्थी सुनेची आई गेली असणार, ती तिकडे रिश्तान गावी आजारीच होती, असा हिशेब मांडून तेही येऊन लेकाच्या खांद्यावर रडले. लेकाने डोळे पुसत वडिलांकडे नीट पाहिलं, पण त्या गर्दीत खुलासा मागणं बरं दिसलं नसतं.

पाहुण्यांसाठी तळहाताएवढ्या समशांचं, म्हणजे भट्टीतल्या सामोशांचं, ताट घेऊन हुर्मत बाहेर आली, तर बापलेक गळ्यात गळा घालून रडताहेत. सासरे आणि नवरा दोघेही डोळ्यांसमोर, म्हणजे गेली ती आपली आईच. तिने रिश्तानला फोन लावला. आईनेच उचलला.

"आई, तू आहेस?"

"मी नाही तर कोण? काय झालं?"

"इथे सगळे तुझ्या नावाने रडताहेत."

"हो का? धड रडताहेत का, की तेही मीच येऊन शिकवू? थांब, निघतेच."

फोन ठेवला आणि हुर्मतच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कोणीच गेलेलं नव्हतं. मेहमानखाना तेवढा नव्या पद्धतीचा झाला होता. तिने मोहल्ल्याचे प्रमुख हमरोकुल-बोवांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. बोवांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे बघ पोरी," ते म्हणाले, "दीडशे माणूस बसलंय. तांदूळ भिजलेत. आता कोणीच गेलं नाही म्हणून कसं चालेल?"

शोक एकदा सुरू झाला की मागे घेण्याची तरतूद नाही. मयत मिळवणं भाग होतं. अब्दुमन्नोब-ओता म्हणाले, "मग माझंच उरकून घ्या. आज ना उद्या करायचंच आहे. कोण आलं, कोण नाही आलं, हे मला तरी बघायला मिळेल." सूचना सर्वांना व्यवहार्य वाटली. बोवा तसं जाहीर करायला वळलेही होते.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून झुल्हुमोर पुढे आली. त्या घरात तोवर खऱ्या कारणासाठी रडणारी ती एकटीच होती. "आजोबा, तुम्ही गेलात तर माझं लग्न वर्षभर होणार नाही. फरगान्याचे लोक वर्षभर थांबतील का?"

ओता जरा हिरमुसले. "मग राहतो," ते म्हणाले.

त्यानंतर दियोरबेकचं नाव पुढे आलं. तो नात्यातला नसल्यामुळे लग्नाला बाध येत नव्हता. पण सकाळपासून प्रमुख शोककर्ता तोच होता, आणि एकाच माणसाने दोन्ही जागा अडवणं रीतीला धरून नाही. शिवाय एवढ्या मिठ्या झेलून तो गहिवरला होता. "ताश्कंदमध्ये माझं काम कुणाच्या काळजाला असं भिडलंच नाही," तो ज्याला त्याला सांगत होता.

चर्चा इथपर्यंत आली असतानाच मुकर्रम-ओपा दोन बायका आणि रुमालाखाली झाकलेले नान घेऊन दारात उभी राहिली. तिने कंबर बांधलेली माणसं पाहिली. रीतीप्रमाणे काही विचारलं नाही. सरळ मेहमानखान्यात जाऊन बायकांच्या रांगेत भिंतीला टेकून बसली आणि रडू लागली. हुर्मत तिच्या शेजारी बसली. संपलं, स्थळ गेलं, असं मनाशी म्हणत तीही रडली, आणि तिचं रडणं अगदी मनापासूनचं होतं. झुल्हुमोर चहा घेऊन आली.

मुकर्रम-ओपाने चहा घेतला. भिंतींकडे पाहिलं. मडक्यातल्या पऱ्हाटीकडे पाहिलं. मग हुर्मतच्या कानाशी वाकून म्हणाली, "तो काळ्या कपड्यांतलाच ना?"

"हो."

"आमच्याकडेही तोच." तिने नाक पुसलं. "तेव्हापासून लोक येतात, भिंतीला टेकून बसतात, दुआ मागतात आणि जातात. कोणी हसत नाही. दुःखातल्या घराला कसं बोलवायचं म्हणून कोणी लग्नाला बोलवत नाही. गालिचे गॅरेजात नेऊन ठेवलेत. मीही तिथेच जेवते. इल्योस तर स्वतःच्या घरात कुजबुजतो गं."

हुर्मतला राहवलं नाही. "ओपा, खरं सांगू? आमच्याकडे कोणी गेलेलं नाही."

"ठाऊक आहे मला. आमच्याकडे तरी कोण गेलंय?"

दोघींनी डोळे पुसले. मग मुकर्रम-ओपा घसा खाकरून, मागणी घालायला आलेल्या बाईला शोभेल अशा आवाजात म्हणाली, "मुलगी गाद्या-दुलया किती आणेल?"

"रस्त्यावर पडल्यात तेवढ्या सगळ्या."

"आजच नेल्या तर चालतील? घरी बसायला काही नाही."

तिथल्या तिथे नान मोडला गेला आणि सोयरीक पक्की झाली. हमरोकुल-बोवांनी निवाडा दिला की मयताअभावी शोक आपोआप रद्द समजावा आणि तोच पुलाव साखरपुड्याचा मानावा. पुरुषांनी कमरेचे रुमाल सोडले. रिश्तानची आजी गल्लीच्या तोंडापासून गळा काढत आली होती. लग्न ठरल्याचं कळल्यावर तिने सूर न मोडता त्याचंच गाणं केलं. झुल्हुमोर पऱ्हाटीजवळ बसून हसत होती, सगळे दात दिसतील अशी, आणि तिला कोणीही गप्प केलं नाही.

या प्रकरणानंतर मोहल्ल्याने नवा नियम केला आहे. नव्या पद्धतीने सजवलेल्या घरात शिरण्यापूर्वी पाहुण्याने उंबऱ्यावर थांबून स्पष्ट विचारावं, "गेलं कोण?" घरमालकाने "कोणी नाही" म्हणावं, आणि मग जोडे काढावेत. नियम सोपा आहे. अडचण एवढीच की बरेच घरमालक "कोणी नाही" असं झटकन म्हणत नाहीत. ते आत वळून खोलीकडे बघतात आणि थोडा वेळ आठवत राहतात.

वाचकहो, आपल्याकडेही नवं काम झालं असल्यास अभिनंदन. फोटो फार छान आलेत म्हणे. कोणी दारात विचारलंच, तर उत्तर आत्ताच ठरवून ठेवा. आईला विचारून ठरवायचं असेल, तर ती मागच्या खोलीत आहे. तिचा पलंग भिंतीच्या रंगाला शोभत नाही म्हणून आपणच तो तिकडे हलवला होता.