वाटणीच्या पत्रकाचा स्टेन्सिल

"घड्याळ लागतं नवशिक्यांना! मी मनात तीनशे मोजतो की स्टेन्सिल पक्का!" थोरला वीस वर्षं हीच बढाई मारत आला होता, आणि ती खोटीही नव्हती. अंधाऱ्या खोलीत तो छपाईच्या जाळीदार स्क्रीनला इमल्शनचा लेप लावायचा, वर मजकुराची फिल्म ठेवून दिव्यावर धरायचा आणि "घे!" म्हणून ओरडायचा. धाकटा स्क्रीन नेऊन धुवायचा. उजेड लागलेलं इमल्शन जाळीवर घट्ट बसायचं, अक्षरांखालचं मऊ राहून पाण्याबरोबर निघून जायचं.

पण गेले तीन महिने भावाभावांत अबोला होता. उद्यापासून दुकानं वेगळी! तसं पत्रक आजच गिऱ्हाइकांना पोचायला हवं होतं. दुसऱ्याकडून छापून घेतलं असतं, तर बाजारात शोभा झाली असती.

थोरल्याने स्क्रीन दिव्याच्या काचेवर ठेवली आणि तो फिल्म आणायला गेला. "घे" म्हणायची सोय उरली नव्हती, म्हणून धाकट्याने, झाली असं समजून, स्क्रीन आपल्याच मनाने उचलून धुतली. थोरला येऊन बघतो तर सगळं इमल्शन मोरीत!

"त्याला विचार, डोळे फुटले होते का?" तो बायकोवर खेकसला.

"भाऊजी, हे विचारतायत..."

"ऐकलं, वहिनी. त्यांना विचारा, तोंड शिवलं होतं का?"

दुसऱ्या स्क्रीनपाशी थोरला पहारा देतच बसला. एकशे नव्वदपर्यंत आला.

"अहो, भाऊजी विचारतायत, झालं का?"

"दोनशे चाळीस... नाही, एकशे... गप्प बस ना!"

आकडा गेला! पुन्हा एकपासून. पुन्हा बायको, पुन्हा एक! ती स्क्रीन उजेडाने एवढी भाजली, की फवारा मारमारून धाकट्याने जाळी फाडली, पण एक अक्षर उघडेल तर शपथ!

"तुमचं तुम्ही बोला! मी काय टपालखातं आहे?" बायको चपला घालून चालती झाली.

शेवटची स्क्रीन उरली. थोरल्याने नीट तीनशे मोजले.

"घे," तो म्हणाला.

धाकट्याने हलक्या हाताने पाणी सोडलं. काना, मात्रा, अनुस्वार, सगळं स्वच्छ उघडलं. दोघांनी स्क्रीन खिडकीसमोर धरून वाचली: 'यापुढे आम्हा दोघा भावांचा एकमेकांशी कसलाही संबंध नाही.' थोरल्याला फार वाईट वाटलं.

"दादा," धाकटा म्हणाला, "इतका सुरेख स्टेन्सिल आपला आजवर झाला नव्हता."

"नव्हता," थोरला म्हणाला आणि शाईचा डबा उघडू लागला. "कागद तू लाव."