बशीचा दर्जा

आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आयुष्यभर खांद्याला खांदा लावून उभ्या असतात आणि एकदाही रजेचा अर्ज टाकत नाहीत. म्हणूनच आमच्या प्रयोगशाळेत त्यांना कर्मचाऱ्यांपेक्षा जास्त मान आहे. (मी पेशी कल्याण समितीचा सचिव. मला मान नाही, खुर्ची आहे.)

हिरवट, कोंब आलेल्या बटाट्यात विष असतं. ते उकळून जात नाही. पेशींच्या आवरणाला ते भोकं पाडतं आणि आतड्याचं अस्तर गळकं होतं. हे सिद्ध करायला आमच्या तंत्रज्ञ बाई एकवीस दिवस काचेच्या बशीत पेशी वाढवत होत्या. निकाल आला तर नोकरी पक्की, नाहीतर महिनाअखेर घरी.

विषाची सोय चुटकीसरशी झाली, कारण खाली कॅन्टीन आहे. (पोत्यातले नग एकशे चार. हिरवे बटाटे एकशे तीन, उरलेला एक कांदा.)

हिरव्या बटाट्याच्या अर्काच्या पहिल्याच थेंबाला पेशी गेल्या. बाई आनंदाने उड्या मारत आल्या, तेव्हा समिती दोन मिनिटं मौन पाळत होती. निकाल क्रूरतेच्या कारणावरून रद्द झाला. यापुढे पेशींना फक्त ताजे, निवडक बटाटे द्यावेत आणि हिरवे वाया न घालवता कॅन्टीनला परत करावेत, असा ठराव एकमताने झाला. केवढी ही काटकसर!

आठवड्याने बाई पोट धरून आल्या.

"साहेब, आतडी पिळवटतायत हो! कॅन्टीनची ती हिरव्या बटाट्यांची भाजी बंद करा."

"तुमच्या पेशी नोंदलेल्या आहेत?"

"अहो, जन्मापासून आहेत!"

"बशीत?"

"पोटात!"

"मग आमचा नाइलाज आहे."

बाई हुशार. 'मला बशी समजावे' असा अर्ज त्यांनी तीन प्रतींत केला. समितीचे डोळे पाणावले. बाई आता बशी क्रमांक चौदा आहेत. पेशींच्या उबदार कपाटात राहतात, ताजे बटाटे खातात, गाल वर आलेत. नोकरी तेवढी गेली, कारण बशीला पगार देण्याची तरतूद नाही.

हे पाहून साऱ्या कर्मचाऱ्यांनी बशी होण्यासाठी अर्ज केले. (मीही. माझी पाळी येईपर्यंत कपाट भरलं म्हणाले.) मग हिरवे बटाटे खाणार कोण?

समिती मुळीच घाबरली नाही. घरोघरी अशी गुणी माणसं आहेतच, जी कोंब खुडतात, हिरवं वरवर खरवडतात, "एवढ्याने काय होतंय!" म्हणतात आणि बटाटा कढईत टाकतात. ना अर्ज, ना बशी, ना तक्रार. तुमचं नाव आम्ही यादीत पहिलंच घातलंय. जेवण झालं का?