जेवणाची शिट्टी

डोंगर म्हणजे माझा प्रांत! सह्याद्रीतला एकही किल्ला मी सोडलेला नाही, आणि आमच्या ट्रेकिंग ग्रुपचा लीडर कोण, हे पुण्यात कुणालाही विचारा. ख्रिसमसच्या सुट्टीत हॅमिल्टनच्या घरून साउथ आयलंडला निघालो, तेव्हा हे सगळं मी आमच्याकडे राहायला आलेल्या सासऱ्यांना विमानात ऐकवलं आणि तिथल्या आल्प्स डोंगररांगेच्या पायथ्याशी मोटेलात पुन्हा ऐकवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी गोपीनाथराव माझी ओळख ‘आमचे कॉम्प्युटरवाले जावई’ अशीच करून देतात. ते स्वतः साताऱ्यात जन्मभर कबड्डीचे पंच. एकदा तरी त्यांनी मला तयार गडी म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती.

म्हणून त्या सकाळी, दक्षिण गोलार्धातल्या ऐन उन्हाळ्यात, मी गळ्यात माझी जुनी लीडरची शिट्टी अडकवली. नियमही समजावले. एक छोटी वाजली की थांबायचं, लांब लांब वाजत राहिली की जेवायला यायचं.

सासरे शिट्टीकडे बघत म्हणाले, “जावईबापू, शिट्टी काही झालं असेल तरच वाजवायची असते.”

मी हसून सोडून दिलं. कबड्डीतलं ज्ञान डोंगरात काय कामाचं!

दुपारी खिंडीच्या अलीकडे गवताची छान सपाटी सापडली. माझ्या बायकोने, अनुराधाने, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला. पण आमची लेक इरावती पुढे पळालेली आणि सासरे फोटो काढत मागे राहिलेले. मी छाती भरून शिट्ट्या मारल्या. इरावती आली. सासरे काही दिसेनात, मग वाजवतच राहिलो. शेवटी तेही आले आणि तोंडावर टोपी ठेवून गवतात आडवे झाले.

एवढ्यात वरच्या वळणावरून चारपाच माणसं धावत खाली येताना दिसली. खालून आणखी दोघं धापा टाकत वर येत होती. सगळेच पळताहेत म्हणजे नक्की दरड कोसळतेय! घरच्यांना सावध करायला मी जीव खाऊन शिट्टी फुंकू लागलो. तशी ती माणसं आणखी जोरात धावू लागली.

सगळ्यांच्या पुढे साठीच्या एक बाई होत्या. घामाने निथळत, पाठीवरची औषधांची पिशवी सोडवत त्यांनी विचारलं, “हू इज हर्ट?”

इथल्या डोंगरात अशी शिट्टी वाजत राहिली, की कुणाच्या तरी जिवावर बेतलंय असं समजून लोक धावतात, हे मला त्या क्षणी उमगलं. बाई शिखरापासून थोड्याच अंतरावरून माघारी फिरल्या होत्या. आणि माझ्यासमोर पुऱ्या! ‘लंच’ असं खरं सांगायची हिंमत झाली नाही. लाजेने माझे कान गरम झाले. माझं बोट आपोआप उठलं आणि झोपलेल्या सासऱ्यांवर जाऊन थांबलं.

टोपीखालून एक डोळा उघडला. त्याने आधी डबा पाहिला, मग शिट्टी, मग मला. पुढच्याच क्षणी गोपीनाथराव घोटा धरून असे काही विव्हळले की अनुराधाच घाबरली.

बाईंनी पट्टी बांधली. दोन दणकट पोरांनी सासऱ्यांना खांदा दिला. सगळी मंडळी आपापली चढाई सोडून आमच्यासोबत उतरली आणि मी डबा सांभाळत मागून चाललो. खरं सांगून टाकावं असं वाटे आणि तोंड उघडत नसे.

अर्ध्या वाटेत इरावती मोठ्याने म्हणाली, “आजोबा, इट वॉज द अदर लेग.”

 सासऱ्यांनी गुपचूप पाय बदलला. खाली कार पार्कात पोचल्यावर बाईंनी माझ्याकडे एक पुरी मागितली, शांतपणे खाल्ली आणि म्हणाल्या, “लव्हली लंच.”

गाडीत बसल्यावर सासऱ्यांनी हात पुढे केला. मी शिट्टी काढून दिली.

“घोट्याची नाटकं करणारे गडी मी जन्मभर बाहेर काढले, जावईबापू,” ते म्हणाले. “म्हातारपणी मलाच करायला लावलंत.”

आता हॅमिल्टनमध्ये रोज सकाळी चहा तयार झाला की सासरे शिट्टी वाजवतात. शेजारी एव्हाना सरावलेत, कुणी फिरकत नाही. मी मात्र धावत येतो.