मगदूम गुरुजींची वाटणी

वर्गात मुलं कमी असावीत, यावर शिक्षणखात्यापासून शिपायापर्यंत सर्वांचं एकमत आहे. सर्वांचं एकमत असलेली गोष्ट कधीच घडत नाही, असं आमच्या मगदूम गुरुजींचं मत.

गुरुजींना संशयाशिवाय घास उतरत नाही. साहेबांनी पाजलेला चहासुद्धा ते आधी मला प्यायला लावतात. "आत काय हाय ते कळाय नको?" तासगावच्या आमच्या शाळेत शिक्षक कमी, म्हणून दुसरीच्या दोन्ही तुकड्या गुरुजींच्या एकाच खोलीत कोंबलेल्या. मागच्या भिंतीजवळच्या पोराला लघवीला जायचं झालं, की भरल्या एसटीसारखा अख्खा वर्ग उठून वाट द्यायचा. "वर्ग फोडा" म्हणून गुरुजी दर बैठकीत भांडायचे.

आणि दिवाळीनंतर खरंच फलटणहून नव्या बाई बदलून आल्या. आम्ही पेढे मागवले. गुरुजींनी पेढा फोडून बघितला.

"इतकी वर्सं न्हाई, आन् आत्ताच कसं सुचलं? कुणीतरी तपासणीला येणार आसंल. ते गेलं की बाईबी गेल्या, बगा."

"बाई कुठं जात नाहीत," हेडबाई म्हणाल्या. "मुलं तुमच्या ओळखीची. उद्या तुम्हीच वाटणी करा."

आता संशयाची पाळी आमची होती. साहेब आले की पुढं उभी करायची चुणचुणीत पोरं गुरुजी हातची सोडणार नाहीत, वांड तेवढी बाईंच्या गळ्यात मारणार, यावर आमचं एकमत झालं. मी तर बाईंना तसं सांगूनही ठेवलं.

सकाळी गुरुजी दारात उभे राहिले. पाढे म्हणणारी, कविता म्हणणारी, विचारायच्या आधीच हात वर करणारी, सगळी एकेक करून त्यांनी शेजारच्या खोलीत धाडली. मागं उरली ती भिंतीकडेची, मान खाली घातलेली.

"यात डाव काय, गुरुजी?" मी विचारलं.

"डाव कसला रं गड्या. ती पोरं कुणाकडंबी शिकत्यात." त्यांनी आवाज खाली आणला. "ही जूनपासनं माझ्याम्होरं बसल्यात. निम्म्यांचा आवाज मी अजून ऐकला न्हाई."

संक्रांतीच्या सुमाराला गुरुजी धावतच माझ्या वर्गात आले. डोळे भरलेले. कोपऱ्यातली एक पोरगी आपणहून बोलली होती.

"काय म्हणाली?"

"म्हणली, गुरुजी, बाजूला व्हा की. फळा दिसंना."