पडद्यामागचे अण्णा

गाडीच्या बाबतीत मला कोणी काही शिकवू नये. ते काम माझं आहे! माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना क्लच कशाला म्हणतात ते मी दाखवलंय, आणि उरलेल्या निम्म्यांना ते दाखवूनही उपयोग नाही हे त्यांच्या घरच्यांना समजावून सांगितलंय. त्यामुळे एक अख्खी कॅराव्हॅन भाड्याने घेऊन सहकुटुंब डोंगरात जायचं ठरवलं, तेव्हा माझ्या मनात शंकेची पालसुद्धा चुकचुकली नाही.

सहल हे निमित्त होतं. खरा प्रश्न अण्णांचा होता.

अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेली आणि अण्णा त्यांच्या घरात एकटे उरले. बोलणं कमी झालं, जेवण त्याहून कमी. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला तरी शेजारच्या खुर्चीत बसलेल्या अण्णांना पत्ता नाही! तेव्हापासून माझ्या ताईने एक वृद्धाश्रम हेरून ठेवला होता.

"तुझं घर केवढं, तुम्ही माणसं किती! अण्णा मावणार कुठे?" ताई फोनवर म्हणाली.

"ताई, कॅराव्हॅनमध्ये मावले तर घरात मावतीलच! डोंगरातून परत आलो की अण्णा थेट माझ्या दारात उतरतील. लिहून घे!"

"अण्णांना विचारलंस का?"

हा प्रश्न मला त्या वेळी अगदीच गैरलागू वाटला.

अण्णांना आम्ही काही विचारतच नव्हतो. आई गेल्यापासून आमच्या घराला एक सवय जडली होती. अण्णा आसपास असले की सगळे कुजबुजायचे! बायको तर वाचनालयात ग्रंथपाल आहे. ओठांवर बोट ठेवायचा तिला पगार मिळतो. "श्श! अण्णा पडलेत." "श्श! अण्णा बसलेत." अण्णा काहीही करत असले तरी आमचं "श्श!" ठरलेलं. दुःखी माणसाजवळ मोठ्याने बोलू नये, एवढंच आम्हाला कळत होतं. पुढे काय बोलावं ते कळत नव्हतं.

तर आम्ही निघालो. मी, बायको, आमची लेक मनी आणि अण्णा. गाडी झकास होती. आत शेगडी, बेसिन, छोटा फ्रिज, आणि माझ्या सीटच्या बरोबर मागे अण्णांचा पलंग. त्याला जाड पडदा. पडद्याच्या पलीकडे अण्णा, अलीकडे आम्ही टाचा उचलून चालणारे. डोंगरमाथ्यावरच्या मोकळ्या मैदानात आम्ही मुक्काम ठोकला. समोर दरी, कडेला विरळ झाडी. मी खुर्च्या मांडल्या, बाजूचं कापडी छप्पर ओढून काढलं, आणि आपण केवढे कर्ते आहोत या विचाराने स्वतःवरच खूश झालो.

शेवटच्या संध्याकाळी अण्णा आणि मनी लवकर आडवे झाले. मी आणि बायको ओट्याशी भांडी पुसत कुजबुजत होतो.

"मग? अण्णांना ठेवायचं कुठे?" बायकोने विचारलं.

"तीच जागा बरी. हवा चांगली आहे, उजेड आहे. त्यांना बाहेर बसायला आवडतं."

"थंडी नाही बाधणार?"

"सवय होईल गं."

आम्ही आमच्या घरातल्या गच्चीकडच्या खोलीबद्दल बोलत होतो. पण हे आम्हाला माहीत होतं. वरच्या बर्थवर डोळे मिटून जागी असलेल्या मनीला माहीत नव्हतं. पत्र्याच्या डब्यात कुजबुज किती लख्ख ऐकू येते, तेही आम्हाला माहीत नव्हतं.

सकाळी परत निघायचं होतं. निघण्याआधी काय काय तपासायचं ते मी शिष्यांकडून घोकून घेतो, त्यामुळे इथे तर विचारूच नका! गॅस बंद. नळ बंद. पायरी आत. कापडी छप्पर गुंडाळलं. आरसे पुसले. टायरना लाथा मारून पाहिल्या. तीन खुर्च्या आत घेतल्या, चौथी दिसली नाही, ती बायकोने आत घेतली असेल असं मी धरून चाललो. बायकोनेही माझ्याबद्दल तसंच धरलं. पडदा ओढलेला होता. मागून संथ लयीत घरघर ऐकू येत होती.

"घोरतायत. किती दिवसांनी अशी झोप लागली असेल!" बायको हळहळून कुजबुजली.

चालत्या गाडीत कोणी झोपू नये, पट्टा बांधून बसावं, हे मी स्वतः शिकवतो. पण अण्णांना उठवणार कोण? मी नियम गुंडाळून ठेवला आणि गाडी अशी हलक्या पायाने काढली की मैदानातलं गवतसुद्धा दचकलं नसेल.

मागच्या खिडकीशी बसलेली मनी एकाएकी म्हणाली, "बाबा, आजोबांना माहीत आहे का? आपण निघालोय ते?"

"श्श! नाही. झोपलेत ते. उठले की कळेल."

"मग ते चिडतील?"

"चिडतील कशाला? खूश होतील! आता एक शब्द बोलू नकोस."

मनीने खरंच एक शब्द काढला नाही. मात्र पहिल्याच वळणानंतर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. घाटात मुलांना गाडी लागते, यात नवल काय? बायकोने तिला पिशवी दिली. मी लिंबाची गोळी दिली. पोरगी गोळी चघळत, पिशवी छातीशी धरून मुकाट्याने रडत होती, आणि आम्ही दोघं तिला खुणेने सांगत होतो की लांब बघ, लांब बघ!

ती लांबच बघत होती. मागे.

बराच घाट उतरल्यावर जरा सरळ रस्ता आला. मला कुठून धीर आला कोण जाणे! अण्णांच्या तोंडावर मला हे कधीच बोलता आलं नसतं. आत्ता माझी पाठ त्यांच्याकडे होती आणि मधे पडदा होता. म्हटलं, बोलून टाकू.

"अण्णा," मी रस्त्याकडे बघत म्हणालो, "झोपला असाल तर झोपा. जागे असाल तर ऐका. तुम्ही आमच्याकडे राहायला या. गच्चीकडची खोली तुमची. तुम्ही तिथे एकटे जेवत असाल या विचाराने माझा घास उतरत नाही हो. उपकार म्हणून नाही म्हणत. मला आई नाही राहिली, आता निदान तुम्ही तरी घरात हवेत. याल ना?"

मागची घरघर थांबली! बायकोने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. आणि मग, सावकाश, पडद्यामागून आवाज आला, "हंऽऽऽ…"

"हो म्हणाले!" बायको चक्क मोठ्याने म्हणाली. "अहो, अण्णा हो म्हणाले!"

"तो फ्रिज आहे!" मनीने हंबरडा फोडला. "आजोबा वरतीच आहेत! तुम्हीच ठेवलंत ना त्यांना तिथे!"

मी ब्रेक मारला. ओट्यावरच्या सगळ्या बशा खाली आल्या. पडदा बाजूला सारला, तर विस्कटलेलं पांघरूण, पलंगाखाली गुरगुरणारा फ्रिज, आणि उशाशी पाण्याच्या पेल्यात अण्णांची कवळी. पेला घट्ट कप्प्यात बसवलेला असल्यामुळे तिला काही झालं नव्हतं. ती माझ्याकडे बघून हसत होती!

"ते खुर्चीत बसले होते, झाडांच्या पलीकडे. टोपी दिसत होती," मनी हुंदके देत म्हणाली. "मला वाटलं, झोपलेत तोवर आपण निघायचं असं ठरलंय तुमचं. रात्री तुम्ही म्हणालात, तिथे हवा चांगली आहे."

आपल्या लेकीला आपल्याबद्दल असं वाटू शकतं! आणि ते वाटूनही ती आम्ही सांगितलं म्हणून गप्प बसली होती. ओरडावं कोणावर?

पुढचं काही माझ्या धंद्याला शोभणारं नाही. घाटात एवढी लांब गाडी वळवायची म्हणजे आधी जागा हवी. ती नव्हती. मी जिथे वळवली तिथेही नव्हती! डावा आरसा एका झाडाने ठेवून घेतला. मागचा बंपर कठड्याला लागून वाकला. गुंडाळलेलं कापडी छप्पर धक्क्याने सुटलं आणि आम्ही बाजूने शीड फडफडवत घाट चढायला लागलो. जन्मात आवाज न चढवलेली माझी बायको खिडकीतून धड बाहेर काढून समोरच्या गाड्यांवर ओरडत होती, "बाजूला व्हा! आमचा माणूस राहिलाय!"

मी मात्र फक्त दरी बघत होतो. अण्णांच्या अंगात स्वेटर नव्हता. फोन गाडीतच. आणि त्या माणसाला आताशा जगायची फारशी हौसही उरलेली नव्हती, हे मला माहीत होतं. हे मी आजवर कोणाकडे बोललो नव्हतो. प्रत्येक वळणावर तेच डोक्यात येत होतं.

मैदान आलं. झाडांच्या पलीकडे चौथी खुर्ची, खुर्चीत अण्णा, मांडीवर हात. मी धावत गेलो आणि समोर जाऊन नुसता धापा टाकत उभा राहिलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सोडूनच जायचं होतं," अण्णा बोळक्या तोंडाने म्हणाले, "तर कवळी तरी ठेवून जायचीस."

मला हसू येईना, रडू येईना. "अण्णा, तुम्हाला खरंच असं वाटलं?"

"वाटलं. थोडा वेळ. रात्री ऐकलं ना तुमचं." ते दरीकडे बघत म्हणाले, "हवा चांगलीच आहे म्हणा."

"अहो, ते गच्चीकडच्या खोलीबद्दल चाललं होतं! आपल्या घरातल्या!"

"मग ते मला सांगायचं! कुजबुजता कसले? गेली ती तुझी आई. तुम्ही माझ्या दाराशी असे बोलता की मला वाटतं, मीच गेलोय!"

आई गेल्यापासून अण्णा एवढ्या मोठ्याने पहिल्यांदाच बोलले. समोरच्या डोंगरावरून आवाज परत आला. मनीने धावत येऊन त्यांच्या गळ्याला मिठी मारली. बायको कवळीचा पेला दोन्ही हातांत धरून मागे उभी होती, आणि पडद्याला मघाशी एवढं भाषण ठोकलेल्या माझ्या तोंडून फक्त दोन शब्द निघाले.

"घरी चला."

"घराचं नंतर बघू. आधी गाडीत घे."

घाट पुन्हा उतरायला घेतला. बाजूने शीड फडफडत होतंच. पडदा ओढून अण्णा आडवे झाले, आणि मी दर वळणाला ओरडत होतो, "अण्णा, आहात ना?"

"आहे!"

पुढचं वळण. "अण्णा?"

"आहे रे बाबा!"

त्यापुढच्या वळणाला उत्तर आलं नाही. मी भर रस्त्यात गाडी उभी केली, उडी मारून मागे गेलो, पडदा बाजूला सारला. अण्णा तोंड उघडं टाकून झोपले होते. खरेखुरे. मनीने त्यांना गदागदा हलवलं.

"आजोबा! बाबा विचारतायत, तुम्ही आहात का?"

अण्णांनी एक डोळा उघडला. "आहे म्हणावं. आणि त्याला विचार, मी तिकडे राहायला आल्यावरही हा असाच रोज झोपेतून उठवणार आहे का?"

मागे गाड्यांची रांग लागली होती. हॉर्नवर हॉर्न वाजत होते. आणि इतरांना रस्त्यावर कसं वागावं ते शिकवणारा मी, घाटाच्या मधोमध गाडी अडवून, पडद्याला तोंड पुसत उभा होतो. कोणीही कोणाला "श्श" म्हटलं नाही.